डावा कान, उजवा कान

गेल्या गणपतीतली गोष्ट. गौरींचं विसर्जन आटोपलं, पाहुणे पांगले, घर कसं रिकामं-रिकामं झालं होतं. माझ्या नणंदेचा मुलगा ओंकार बेंगळुरूहून आला होता, तो तेवढा दोन दिवस जास्त राहिला. दुपारी पडवीत मी वाल सोलत बसले होते आणि हा समोर झोपाळ्यावर डोळे मिटून बसलेला. कानात काहीतरी खुपसलेलं. दोन हाका मारल्या, तीन मारल्या. छे! बाहेरून पालिकेची बस हॉर्न मारत गेली तरी हा ढिम्म.

शेवटी वालाची एक शेंग फेकून मारली तेव्हा डोळे उघडले.

‘एवढं काय ऐकतोयस रे?’

‘मामी, तू ऐकून बघ ना,’ म्हणाला. आणि त्यानं जी डबी पुढे केली, तिची किंमत ऐकून माझ्या हातातली शेंग खाली पडली. साडेतीनशे डॉलर! म्हणजे आपले पंचवीस-तीस हजार रुपये. कानात घालायच्या दोन बोंडांना! आमच्या भुईगावच्या वाडीत केळीचे किती घड उतरवले म्हणजे तेवढे पैसे हातात येतात, हा हिशोब माझ्या डोक्यात आपोआप सुरू झाला. सवयच ती. त्यावर ओंकार म्हणतो, ‘मामी, ही तर मधली वस्तू. लाखाच्या वरच्यासुद्धा असतात.’

मैत्रिणींनो, तुमच्या घरातही एखादा असा ‘कानवाला’ मुलगा किंवा मुलगी असेलच. आमची सई तर कॉलेजला जाताना डबा विसरेल, पण ते कानातलं विसरणार नाही. तिचं आहे बिनवायरचं, बाराशे रुपयांचं. मला वाटायचं, सगळं एकच. आवाज येतो की नाही, एवढाच प्रश्न. म्हणून खरं तर ‘पंचवीस हजारांत असं काय वेगळं ऐकू येतं बघू तरी’ अशा काहीशा खवचटपणेच मी हात पुसले आणि पदर खोचून झोपाळ्यावर बसले.

आधी तर ते कानात घालणं हेच एक दिव्य. आपण साधे इअरफोन कानाच्या पाळीत अडकवतो, तसं हे नाही. याच्या टोकाला रबराच्या तीन छोट्या छत्र्या, एकावर एक, लहान-मोठ्या. ओंकारनं शिकवलं- उजव्या कानाला घालताना डावा हात डोक्यावरून नेऊन कान वर आणि मागे ओढायचा, म्हणजे आतली वाट सरळ होते, मग हळूच आत सरकवायचं. डॉक्टर कान तपासतात ना, अगदी तस्सं वाटलं. पहिल्यांदा मी घाबरून वरच्यावरच ठेवलं, तर गाणं कसं पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखं, नुसती किणकिण. ‘आत गेलं नाहीये, मामी. नीट बसलं नाही तर खर्ज सगळा बाहेर पळून जातो.’ पुन्हा ओढाताण. आणि मग एकदम...

एकदम सगळं बंद! पंखा बंद, कावळे बंद, शेजारच्या वाडीतला पाण्याचा पंप बंद. विहिरीत बुडी मारल्यावर होतं तसं. माझा मलाच श्वास ऐकू यायला लागला. तोंडात सुपारी होती, ती चावली तर डोक्यात खडी फोडल्यासारखा आवाज. आणखी एक गंमत म्हणजे मंगळसूत्र. ते वायरीला जरा घासलं की कानात खर्रर्र! ही वस्तू बनवणाऱ्याच्या घरात मंगळसूत्र घालणारी कोणी नसणार, हे नक्की. शेवटी मी वायर पाठीवर सोडली तेव्हा जमलं.

‘तुझं सगळ्यात ओळखीचं गाणं कुठलं?’ ओंकारनं विचारलं.

माझं म्हणजे किशोरीताईच. किशोरी आमोणकर. माहेरी वडिलांनी कॅसेट आणलेली होती, ती इतकी वाजली की फीत दोनदा तुटली आणि दोनदा नेलपॉलिशनं चिकटवली. ओंकारनं मोबाइलवर किशोरीताई लावल्या.

काय सांगू? तानपुरा सुरू झाला आणि मला पहिल्यांदा कळलं की तानपुऱ्याला चार तारा असतात. म्हणजे माहीत होतं हो, पण ऐकू आल्या पहिल्यांदा! कॅसेटवर तो नुसता गुंजारव असायचा, मागे चाललेला. इथे एकेक तार वेगळी छेडलेली, तिचा झंकार विरेपर्यंत दुसरी. मग स्वरमंडळ. किशोरीताई गाताना मांडीवर स्वरमंडळ घेऊन बसायच्या, ते फोटोत पाहिलेलं. त्याच्या तारांवरून बोट फिरतं तो क्षणसुद्धा कळला. आणि मग त्यांनी गायच्या आधी श्वास घेतला. तो श्वास ऐकला आणि माझ्या अंगावर काटा आला. किशोरीताईंना जाऊन २०१७ सालच्या एप्रिलपासून इतकी वर्षं झाली, आणि इथे माझ्या कानापासून वीतभर अंतरावर बसून त्यांनी श्वास घेतला होता.

मी काही बोलले नाही. ओंकारही शहाणा, तो गप्प बसला.

मग हावरटासारखी एकेक गाणी लावायला सांगत सुटले. ‘जैत रे जैत’ची गाणी लावली. सिनेमा १९७७ सालचा, हृदयनाथांचं संगीत, ना. धों. महानोरांचे शब्द. त्यातला घोळका म्हणजे मला आजवर एक मोठा आवाज वाटायचा. आता त्यात माणसं दिसायला लागली. मग ‘गीतरामायण’. पुण्याच्या आकाशवाणीवर १ एप्रिल १९५५ ला ते सुरू झालं आणि वर्षभर दर आठवड्याला नवं गाणं अशी छप्पन्न गाणी झाली, हे आपल्या आईवडिलांच्या तोंडून आपण ऐकलेलं. बाबूजींचा, म्हणजे सुधीर फडक्यांचा तो स्वच्छ उच्चार! ‘श’ कुठला आणि ‘ष’ कुठला हे डोळे मिटून सांगावं. पण त्याचबरोबर जुन्या ध्वनिमुद्रणाची मागची खसखससुद्धा तितकीच स्वच्छ. हे या महागड्या वस्तूचं खोडसाळपण म्हणा किंवा प्रामाणिकपणा म्हणा, ती काहीच झाकत नाही. मग सईच्या आवडीचं एक धांगडधिंग्याचं गाणं लावलं, तर ते मात्र बाराशे रुपयांच्यातच बरं वाटलं. तिच्यात ढोल पोटात वाजतो, याच्यात तो नुसता वाजतो. हे ओंकारलाही मान्य. म्हणजे पैसे टाकले की सगळंच चांगलं, असंही नाही.

आणि इथेच खरी गोष्ट सुरू झाली.

मी ओंकारला म्हटलं, ‘सगळं ठीक आहे, पण तुझं हे डावं बोंड जरा मंद आहे. बाबूजी मध्ये बसून गायच्याऐवजी उजवीकडे सरकून बसलेत.’

‘शक्यच नाही,’ तो म्हणाला. आणि डबीतून त्यानं एक कागद काढला. या कंपनीचं नाव इटिमोटिक. अमेरिकेतली. ती म्हणे या ‘ईआर-४’ची प्रत्येक जोडी मोजून बघते, डावं आणि उजवं सारखं वाजतंय याचा आलेख काढते आणि तो सही करून डबीत ठेवते. आलेखावर दोन रेघा, जवळजवळ एकावर एक.

‘मग वाटेत बिघडलं असेल.’

ओंकारनं स्वतःच्या कानात घालून बघितलं. त्याला बाबूजी मधोमध. फोनमध्ये डावं-उजवं कमीजास्त करायची एक पट्टी असते, ती बघितली, मध्यावरच होती. मग त्यानं फोनच्या सेटिंगमध्ये ‘मोनो’ चालू केलं. म्हणजे दोन्ही कानांत तंतोतंत एकच आवाज. मला अजूनही उजवीकडेच. शेवटी तो म्हणाला, ‘मामी, आता डावं उजव्या कानात घाल आणि उजवं डाव्यात.’

घातलं. इअरफोन मंद असता तर आता बाबूजी डावीकडे सरकायला हवे होते. ते उजवीकडेच बसून राहिले.

आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. वस्तू ठीक होती. बिघडला होता माझा डावा कान.

खरं सांगू? पहिल्यांदा मला राग आला. ओंकारचा, त्या डबीचा. इतकी वर्षं माझं काय अडलं होतं? फोन मी उजव्या कानाला लावते. का लावते याचा कधी विचार केला नव्हता. जेवताना ‘हे’ डावीकडे बसतात आणि मी त्यांना ‘काय? काय?’ करते, ते पुटपुटतात म्हणून, अशी माझी ठाम समजूत. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, त्यातली निदान पाच-सहा वर्षं बिचाऱ्यांनी ‘तोंड उघडून बोला’ हे ऐकलं असेल.

आठवडाभर टाळलं. मग वसईत कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे गेले. त्यांनी आधी कान बघितले, डाव्यातून मळ काढला. मला वाटलं झालं, सुटले. पण म्हणाले, ‘एका कानाला कमी ऐकू येत असेल तर नुसता मळ काढून घरी जायचं नसतं. ऑडिओमेट्री करून घ्या.’ काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन दिले आणि हातात एक बटण. टुंई आवाज आला की दाबायचं. गंमत वाटते, पण शेवटी शेवटी आपण आवाज ऐकतोय की कल्पना करतोय तेच कळत नाही. निकालाच्या कागदावर उजव्या कानाचे लाल गोल, डाव्या कानाच्या निळ्या फुल्या. लाल गोल रांगेत शहाण्या मुलांसारखे. निळ्या फुल्याही बऱ्याचशा रांगेत, पण चार हजार हर्ट्झच्या खाली एक फुली धपकन खड्ड्यात पडलेली.

‘गोंगाटात काम करता का?’ ऑडिऑलॉजिस्ट मुलीनं विचारलं.

म्हटलं, नाही बाई, ऑफिसात कारकून आहे, अंधेरीला. मग तिनं विचारलं, प्रवास कसा करता, प्रवासात काय करता. आणि मी सांगता सांगता थांबले.

वसई रोडहून लोकल पकडायची, हा बावीस वर्षांचा क्रम. आमच्या विरार-वसईच्या बायकांचं अर्धं आयुष्य लेडीज डब्यात जातं. फक्त बायकांची अख्खी गाडी, लेडीज स्पेशल, १९९२ साली चर्चगेट-बोरिवली सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी ती विरारपर्यंत आली, तेव्हा आमच्याकडच्या बायकांनी किती कौतुक केलं होतं. पहाटेच्या गाड्यांना फुलांच्या पाट्या घेऊन दादरला निघालेल्या आमच्या वसईच्या बायका, नंतर भाजी निवडणाऱ्या, भजनं म्हणणाऱ्या. या सगळ्या कालव्यात मी गाणी ऐकायची. आधी वॉकमनवर, मग मोबाइलवर. आणि कशी? एकच इअरफोन कानात, डाव्या. उजवा कान मोकळा, मैत्रिणींशी बोलायला आणि स्टेशन ऐकायला. गाडीच्या खडखडाटावर गाणं ऐकू यायला हवं म्हणून आवाज पूर्ण. रोज येता-जाता. वर्षानुवर्षं!

त्या मुलीनं ‘यामुळेच झालं’ असं काही म्हटलं नाही. कारण असं छातीठोक सांगता येत नाही म्हणाली. दोन कानांत फरक असला की इतर कारणंही डॉक्टरांना तपासून बघावी लागतात. माझी तीही तपासणी झाली, आणि देवाच्या दयेनं त्यात काही निघालं नाही. पण चार हजारांवरचा तो खड्डा मोठ्या आवाजानं दुखावलेल्या कानात नेहमी दिसतो, एवढं तिनं सांगितलं.

तिनं फार छान समजावलं. आपल्या आतल्या कानात गोगलगाईच्या शंखासारखी गुंडाळलेली नळी असते, तिच्यात बारीक केसांच्या पेशी असतात, एका कानात पंधरा-सोळा हजार. दारातल्या पेशी बारीक, उंच आवाज पकडतात, आतल्या खर्ज. दारातल्या पायपुसण्यावरून घरातले सगळेच जातात ना, म्हणून ते आधी झिजतं, तशा या दारातल्या पेशी आधी थकतात. आणि या पेशी केसांसारख्या पुन्हा उगवत नाहीत. गेल्या त्या गेल्या. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशोबही तिनं सांगितला. आठवड्याला चाळीस तास ऐकायचं तर आवाज ८० डेसिबलच्या वर नको. तोच ९० झाला की मुभा फक्त चार तासांची. दहानं वाढला आणि वेळ एकदम दहावा हिस्सा! लोकलच्या खडखडाटाच्या वर ऐकायचं म्हटलं की साधा इअरफोन किती ओरडत असेल, हे तुम्हीच बघा.

ओंकारला फोन करून हे सांगितलं तर तो म्हणाला, ‘म्हणून तर मी हा वापरतो. हा बाहेरचा आवाज पस्तीस डेसिबलहून जास्त अडवतो, म्हणून गाणं हळू लावलं तरी पुरतं.’ मला आठवलं, त्या दुपारी फोनवरचा आवाज खरंच पावसुद्धा नव्हता. पण मी त्याला लगेच बजावलं, रस्त्यावर आणि रुळांजवळ ते बोंड कानात घालून चालायचं नाही. बस येऊन हॉर्न मारून गेली तरी ज्याला कळत नाही, त्याला गाडी काय कळणार!

आता दुसरी गोष्ट सांगते. ती सांगायला जरा जड जातंय.

आमच्या सासूबाई एक्याऐंशीच्या आहेत. गेली सात-आठ वर्षं त्यांना कमी ऐकू येतं. घरात सगळ्यांचं मत एकच, आणि ते आम्ही त्यांच्यासमोर हसत हसत बोलूनही दाखवतो- ‘आईंना सोयीचं तेवढं बरोबर ऐकू येतं.’ कारण व्हायचं काय, ‘आई, जेवायला चला’ म्हटलं की ‘हो’ म्हणणार, आणि ‘आई, गॅस बंद करा’ म्हटलं की ढिम्म. एका शिबिरात त्यांना कानाचं मशीन मिळालं होतं. ते आठ दिवस घातलं. शिट्ट्या मारायचं, डोकं दुखायचं. मग गेलं ते कपाटात, औषधांच्या डब्यात. आम्हीही फार मागे लागलो नाही. ‘वय झालं’ म्हटलं की सगळे प्रश्न मिटतात ना!

त्या गणपतीतच, ओंकार निघायच्या आदल्या रात्री, एक गंमत करायची म्हणून त्यानं जुनी कॅसेट काढली. १९८८ सालची, त्याच्या आईच्या लग्नातल्या हळदीच्या रात्रीची. कोणीतरी टेपरेकॉर्डर मांडवात ठेवून दिला होता. ओंकारनं ती लॅपटॉपवर उतरवून घेतली आणि मला ऐकवली, त्या बोंडांतून. ढोलकी, बायकांची गाणी आणि गाण्याच्या मध्येच सगळं घर! कुठे पातेलं पडलं, कुठे लहान मूल रडलं, एका बाईनं दुसरीला ‘हळद पातळ झाली’ म्हणून झापलं. मी या घरात येण्याच्या कितीतरी वर्षं आधीचं हे घर. आणि सगळ्यांच्या पुढे एक आवाज, खणखणीत, वरच्या पट्टीतला. तो आवाज सुरू झाला की बाकीच्या बायका मागून उचलायच्या.

‘ही कोण रे?’

‘कोण म्हणजे? आजी!’

मी सासूबाईंना गाताना कधी ऐकलंच नव्हतं. सव्वीस वर्षांत देवाची आरतीसुद्धा त्या ओठांत म्हणतात.

साहजिकच ओंकारनं ती बोंडं आजीच्या कानात घातली. आम्ही सगळे गोल करून बसलो, आता त्या रडणार, की हसणार. त्या लक्ष देऊन ऐकत होत्या. ढोलकीला मान डोलवली. आणि मग म्हणाल्या, ‘ढोलकी बाळूची. पण या बायका अशा तोंडातल्या तोंडात का गुणगुणतायत? एक शब्द कळत नाही.’

ओंकारनं आवाज वाढवला. ढोलकी वाढली. शब्द नाहीत. आणखी वाढवणार तेवढ्यात त्यांनी हात धरला, ‘पुरे, ठणका लागला.’

त्या रात्री मला ते कळलं नव्हतं. काचेच्या खोलीतून बाहेर आल्यावर, त्या मुलीनं कागदावर दाखवलं तेव्हा कळलं. ‘आ, ओ, ऊ’ हे खालच्या पट्टीतले आवाज, ते म्हाताऱ्या माणसांना बराच काळ ऐकू येतात. ‘स, श, फ, ख, थ’ हे वरचे, बारीक. ते आधी जातात. म्हणून त्यांना आवाज येतो आणि शब्द येत नाही. ‘जेवायला चला’ हे रोजच्या वेळेला, ताटांच्या हालचालीवरून कळतं. ‘गॅस बंद करा’ हे कशावरून कळणार? सोयीचं ऐकणं नव्हतंच ते. त्या अंदाज बांधत होत्या, दिवसभर, प्रत्येक वाक्याचा. आणि चुकल्या की आम्ही हसत होतो. मग हळूहळू त्यांनी बोलणंच कमी केलं, त्यालाही आम्ही ‘वय झालं’च म्हणत होतो.

पुढच्या आठवड्यात त्यांना घेऊन गेले. मशीनचा डबाही नेला. तिनं मशीन तपासलं, ते चालू होतं! शिट्टी वाजत होती कारण कानातलं टोक त्यांच्या कानाच्या मापाचं नव्हतं. आवाज फटीतून बाहेर येऊन पुन्हा मशीनमध्ये शिरत होता. म्हणजे पुन्हा तेच, नीट बसण्याचं. पंचवीस हजारांच्या बोंडाचा नियम मशीनलाही तोच. मग तिनं बॅटऱ्या मागितल्या. मी कौतुकानं डबी काढली. या बारीक बॅटऱ्यांच्या पाठीवर रंगीत चिकटपट्टी असते, मी सहाच्या सहांची पट्टी काढून, आईंना त्रास नको म्हणून, नीट भरून ठेवल्या होत्या. ती मुलगी हसायला लागली. या बॅटऱ्या हवेवर चालतात. पट्टी काढली की आत हवा शिरते आणि बॅटरी सुरू होते, मशीनमध्ये घाला नाहीतर डबीत ठेवा. पट्टी परत चिकटवूनही उपयोग नाही. म्हणजे त्या सहाही बॅटऱ्या मीच मारल्या होत्या! तुमच्या घरात कोणाचं मशीन असेल तर एवढं लक्षात ठेवा, ज्या दिवशी लागेल त्याच दिवशी एकीचीच पट्टी काढायची.

पण जुन्या मशीनची ताकद त्यांच्या आताच्या कानाला अपुरी होती, म्हणून नवं घ्यायचं ठरलं. किंमत ऐकली आणि ‘हे’ म्हणाले, ‘एवढं? या वयात?’ मी काही बोलले नाही, फक्त ओंकारच्या बोंडांची किंमत सांगितली. पोरानं गाण्यासाठी तेवढे पैसे टाकले तेव्हा घरात सगळ्यांनी कौतुकानं हाताळून बघितलं होतं. मशीन दोन्ही कानांना मिळून त्याच्याहून महाग पडलं, हे खरं आहे. आम्ही ते घेऊ शकलो. सगळ्यांना जमेलच असं नाही, त्यांच्यासाठी सांगते- वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग यांच्या नावाची केंद्र सरकारची वाचा-श्रवण संस्था १९८३ पासून आहे, तिथे तपासणी होते. शिवाय केंद्राच्या ‘एडिप’ योजनेतून आणि दारिद्र्यरेषेखालच्या ज्येष्ठांना २०१७ साली सुरू झालेल्या ‘वयोश्री’ योजनेतून मशीन मिळू शकतं. चौकशी करायला लाजू नका.

यात मला सगळ्यात नवल वाटलं ते ओंकारनं नंतर सांगितलेल्या गोष्टीचं. ज्या कंपनीची ती बोंडं, ती मुळात गाण्याची कंपनीच नव्हे. मीड किलियन नावाच्या श्रवणशास्त्रज्ञानं १९८३ साली ती सुरू केली, कानाचा अभ्यास आणि कानाची उपकरणं यासाठी. मशीननं हळू आवाज वाढवावा पण मोठा आवाज तसाच सोडावा, म्हणजे ठणका लागणार नाही, यासाठी त्यानं मशीनमध्ये घालायची एक चकती केली. आणि १९९१ साली त्याच कंपनीनं गाणं ऐकायला ‘ईआर-४’ आणलं. त्या बोंडाच्या आत आवाज काढणारा जो डाळीच्या दाण्याएवढा भाग असतो, चुंबक, तारेचं वेटोळं आणि मध्ये हलणारी पातळ पट्टी, तसाच तो सासूबाईंच्या मशीनमध्ये असतो. म्हणजे दोन्ही सख्ख्या बहिणीच. एकीला शोकेसमध्ये ठेवायचं, दुसरीला औषधांच्या डब्यात!

नव्या मशीनचे पहिले पंधरा दिवस सोपे नव्हते. सासूबाईंना सगळाच आवाज नको झाला. मिक्सर, भांडी, कागदाची चुरगळ. ‘तुम्ही एवढे आदळआपट करत जगता?’ म्हणाल्या. स्वतःच्या बांगड्यांना दचकल्या. ऑडिऑलॉजिस्टनं आधीच सांगितलं होतं, मेंदूला हे आवाज पुन्हा ओळखीचे व्हायला वेळ लागतो, रोज थोडं थोडं वाढवा. दोनदा जाऊन मशीन कमीजास्त करून आणलं. तिसऱ्या आठवड्यात मी ती कॅसेट पुन्हा लावली, या वेळी साध्या स्पीकरवर, खोलीचं दार लावून.

त्या ऐकत राहिल्या. दुसऱ्या कडव्याला ओठ हलायला लागले. आणि मध्येच हात वर करून म्हणाल्या, ‘थांबव. इथे शेवंतीनं चूक केली बघ. गाडीच्या आधी बैल यायचा, तिनं बैलाच्या आधी गाडी आणली. मी तेव्हाच डोळे वटारले होते.’

मग त्यांनी ते कडवं बरोबर म्हणून दाखवलं. आवाज थकलाय, वरच्या पट्टीत जात नाही. सई मोबाइलवर टेप करून घेत होती.

माझ्या डाव्या कानाला मशीनची गरज नाही अजून. वर्षातून एकदा तो कागद काढायचा, निळी फुली खड्ड्यात आणखी खाली गेली का बघायचं. लोकलमध्ये मी आता दोन्ही कानांत घालते, बाहेरचा आवाज अडवणारी साधी रबरी टोकं लावून, आणि आवाज निम्म्याच्या खाली. मैत्रिणींना सांगून ठेवलंय, बोलायचं असेल तर खांद्याला हात लावा. सईलाही तेच शिकवायचा प्रयत्न चाललाय. ती ‘हो’ म्हणते. जेवायच्या वेळी मी ‘ह्यां’ची आणि माझी जागा बदलून घेतली. ते आता उजवीकडे बसतात. पुटपुटत वगैरे काही नाहीत ते, चांगलं स्वच्छ बोलतात.

आणि सासूबाई? रोज सकाळी चहाबरोबर मशीन घालतात, रात्री झोपताना डबीत ठेवतात. फक्त संध्याकाळी ‘हे’ पेपरातलं राजकारण मोठ्यानं वाचायला लागले की त्या शांतपणे कानाशी हात नेतात, मशीन काढून पदराला पुसतात आणि मांडीवर ठेवून देतात. वाचन संपेपर्यंत.

परवा मी त्यांना खूण करून विचारलं, ‘काय आई?’

‘काही नाही गं,’ म्हणाल्या. ‘बॅटरी वाचवते.’